ओळख हाच पहिला हप्ता
(बचतीच्या मंडळात नव्याने येणाऱ्यांसाठी आणि त्यांना सामावून घेणाऱ्यांसाठी एक पाठ)

सुरतेच्या बाजारपेठेने हुंडीचा व्यवहार शतकानुशतके पाहिला आहे. हुंडीच्या अनेक प्रकारांत 'शाहजोग' हा एक प्रकार होता. कोणीही उठावे, ही हुंडी पेढीवर दाखवावी आणि रक्कम घेऊन जावे, अशी तिची रीत नव्हती. बाजारात ज्याची पत मान्य आहे अशा 'शाहा'लाच तिचे पैसे चुकते होत. अर्थ उघड आहे. कागद कितीही खरा असला, तरी तो घेऊन येणारा कोण, हे जाणणारा एक विश्वासू माणूस मध्ये असावा लागे. १८८१ च्या परक्राम्य संलेखांच्या कायद्यानेही देशी भाषांतील अशा संलेखांविषयीच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. सतराव्या शतकात याच शहरातील वीरजी व्होरा इंग्रजांच्या वखारीला मोठमोठी कर्जे देत असत. त्या काळी पत ही माणसाच्या नावाला चिकटलेली असे, आणि नाव हे ओळखीने मोठे होत असे.

ही जुनी गोष्ट येथे सांगण्याचे कारण मात्र मोठ्या व्यापाराचे नाही, अगदी लहान बचतीचे आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. कोणी मागावर काम करतो, कोणी कापडबाजारात गुमास्ता आहे, कोणाच्या घरी साड्यांवर टिकल्या लावण्याचे काम चालते. आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानांत आणि घरांत हीच माणसे रोज ये-जा करतात. या वस्त्यांतून, तसेच आपल्या गृहिणींच्या मंडळांतूनही, भिशी चालते, बचत गट चालतात. अशा मंडळात नवा माणूस येतो तेव्हा तो स्वतःविषयी काय सांगतो, आणि मंडळ त्याला काय सांगते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरकरणी तो क्षुल्लक वाटेल. परंतु मंडळाचे बरेवाईट बहुधा या पहिल्या घटकेतच ठरते.

येथे कोणी विचारील, की ओळखीचे एवढे अवडंबर आता कशाला? एके काळी बँकेत खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळखीची स्वाक्षरी मागत असत. परगावाहून आलेल्या गरिबाला ती कोण देणार? म्हणून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की, अशा ओळखीचा आग्रह धरू नये. ओळखीचे व पत्त्याचे कागद पुरेत. २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि ज्यांनी बँकेचा उंबरठा ओलांडला नव्हता त्यांचीही खाती निघाली. हे सर्व योग्यच झाले. परंतु बँकेचे आणि मंडळाचे कार्य एक नव्हे. बँकेला कागद पुरतो, कारण तिच्यामागे भांडवल आहे, कायदा आहे, वसुलीची यंत्रणा आहे. बारा माणसांच्या भिशीमागे त्या बारा माणसांच्या शब्दाखेरीज काहीही नाही. माणूस कोण आहे, हे कागद सांगतो. त्याच्या खांद्यावर किती ओझे आहे, हे ज्याचे त्यानेच सांगावे लागते.

हे हिशेबानेच पाहू. बारा जणांनी दरमहा प्रत्येकी १,००० रुपये काढावयाचे ठरविले. दर महिन्यास १२,००० रुपये जमतात आणि ते पाळीपाळीने एकेकास मिळतात. समजा, ज्याला पहिली पाळी मिळाली त्याने तीन हप्ते भरले आणि चौथ्या महिन्यापासून भरणे सोडले. त्याने दिले ३,००० आणि नेले १२,०००. उरलेल्या नऊ जणांच्या पाळीस प्रत्येकी ११,००० च येतील. म्हणजे ९,००० रुपयांची तूट ज्यांची पाळी मागे होती त्यांच्या माथी पडली. यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. पहिली पाळी घेणारा हा वास्तविक कर्जदार असतो, आणि शेवटची पाळी घेणारा हा सावकार असतो, जरी दोघेही स्वतःस 'बचत करणारे' म्हणवीत असले तरी. दुसरी गोष्ट अशी की, ज्याची पुरती ओळख झालेली नाही त्याला आरंभीची पाळी देणे म्हणजे अपरिचितास बिनव्याजी, बिनतारणी कर्ज देणे होय. म्हणून नव्या सभासदाने पहिल्या फेरीत मागची पाळी आपण होऊन मागावी. त्यात अपमान नाही. त्याच्या पतीचा तो पाया आहे.

आता नव्या सभासदाने काय सांगावे? आमच्या मते चार गोष्टी पुरेत. मिळकत नियमित आहे की हंगामी, ही पहिली. घरात खाणारी तोंडे किती आणि गावी दरमहा किती पाठवावे लागतात, ही दुसरी. डोक्यावर देणे किती आणि कोणत्या व्याजाचे, ही तिसरी. आणि साठवावयाचे ते कशासाठी, ही चौथी. मुलीचे लग्न, मुलाची शाळा, घराची अनामत, आजारपण, काहीही असो. ज्याला हेतू सांगता येतो, त्याचा हप्ता सहसा चुकत नाही. याउलट 'सगळे भरतात म्हणून मीही भरतो' असे म्हणणाऱ्याचा उत्साह तिसऱ्या महिन्यात ओसरतो.

तिसरी गोष्ट सांगणे सर्वांत कठीण. प्रस्तुत लेखकाने पाहिलेला एक प्रसंग येथे नमूद करतो. एका वस्तीतील भिशीच्या बैठकीत नंदुरबारकडून नुकताच आलेला एक तरुण आपली ओळख करून देत होता. नाव, गाव, काम सांगून झाल्यावर तो थांबला आणि खाली मान घालून म्हणाला, "आप्पा, एक गोष्ट आधीच सांगतो. गावी माझ्यावर वीस हजारांचे देणे आहे. महिन्याला हजार रुपये व्याजातच जातात. तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग नाही." बैठकीत शांतता पसरली. एकदोघांनी एकमेकांकडे पाहिले. तेव्हा ज्यांना त्याने आप्पा म्हटले होते ते वयस्क गृहस्थ म्हणाले, "पोरा, तू सांगितलेस. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी सांगितले होते, ते मला ठाऊक आहे. मीही सांगितले नव्हते." त्या तरुणाला मंडळात घेतले. त्याला परवडेल म्हणून अर्धा हप्ता ठरला आणि अर्ध्या पाळीवर दुसरा एक जण जोडीला आला. पाळी अर्थात मागची. पुढे ती आली तेव्हा आप्पा स्वतः त्याच्याबरोबर गेले आणि ती रक्कम देण्यातच भरून आले. त्याच बैठकीत आणखी दोघांनी आपापली देणी उघड केली, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. त्या तरुणाला परत पाठविले असते तर तो कोठे गेला असता? आणखी व्याज घेणाऱ्याच्या दारी.

तथापि ओळख ही एकतर्फी असू नये. नवा माणूस आपले अंतरंग उघडे करतो, तर मंडळाने आपली वही उघडी करावी. सभासद किती, कोणाचे किती हप्ते थकले, रक्कम कोणाजवळ राहते, मध्येच सोडून जाणाऱ्याचे काय होते, हे त्याला पहिल्या दिवशीच दाखवावे. जे मंडळ नवख्याला वही दाखविण्यास कचरते, त्यापासून नवख्याने दूर राहावे. बचत गटांची पंचसूत्री प्रसिद्ध आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशेब. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग आरंभिला, तो देशभर पसरला. या पाच सूत्रांतील पाचवे सूत्र हीच मंडळाने नव्या सभासदाला दिलेली स्वतःची ओळख होय.

ओळखीतून संस्था कशी उभी राहते, याची दोन उदाहरणे आपल्या गुजरातेतच आहेत. १८८९ च्या फेब्रुवारीत बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी गृहस्थांच्या पुढाकाराने 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन झाली. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा हिंदुस्थानात १९०४ मध्ये झाला; त्याच्या पंधरा वर्षे आधी ही मंडळी केवळ परस्परांच्या विश्वासावर सुरू झाली. 'अन्योन्य' म्हणजे एकमेकांचे. नावातच तत्त्व आहे. दुसरे उदाहरण अहमदाबादचे. १९७४ मध्ये इला भट्ट यांच्या नेतृत्वाखाली सुमारे चार हजार कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून सेवा बँक काढली. पुष्कळ जणींना सही करता येत नव्हती. तेव्हा छायाचित्र हीच खातेदार भगिनीची ओळख मानण्यात आली. सही येत नाही म्हणून जिला कोणतीही बँक दारात उभी करीत नव्हती, तिचा चेहराच तिची सही झाला.

आता एक सावधगिरीची सूचना, जी विशेषतः आपणा व्यापाऱ्यांस लागू आहे. नव्या सभासदाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बैठकीबाहेर जाता कामा नये. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या सत्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत ठेव बुडविणे म्हणजे 'न्यासापहार' आहे, आणि त्याच्याच शेजारी दुसऱ्याचे गुपित फोडणे म्हणजे 'साकारमंत्रभेद' आहे. पैशाची ठेव आणि शब्दाची ठेव या दोहोंना तेथे एका पंक्तीस बसविले आहे, हे मननीय आहे. म्हणून ज्या भिशीत आपले नोकर आहेत, तिच्या बैठकीत मालकाने शक्यतो बसू नये. धन्यासमोर नोकर आपले कर्ज सांगणार नाही. आणि जे सांगितले जात नाही, तेच पुढे मंडळाला बुडविते. मदत करावयाची असेल तर पगार ठरल्या तारखेस द्यावा. नियमित पगारासारखा बचतीला दुसरा आधार नाही.

कायद्याचेही भान असावे. चिट फंडांसाठी १९८२ चा कायदा आहे, आणि २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला आहे. परिचितांची लहान भिशी एक गोष्ट. अनोळखी लोकांकडून रकमा गोळा करून मोठ्या लाभाचे वचन देणे ही अगदी वेगळी. रक्कम वाढू लागली, की जाणकाराचा सल्ला घ्यावा आणि नोंदणीकृत मार्ग धरावा. आणि नोंदणी झाली म्हणजे डोळे मिटावेत असेही नव्हे. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक अडचणीत आली तेव्हा असंख्य ठेवीदार वर्षानुवर्षे हवालदिल झाले. संस्था मोठी झाली, कर्ज कोणाला चालले आहे हे सभासदास कळेनासे झाले, की 'अन्योन्य' हा शब्द पाटीवर उरतो, व्यवहारात उरत नाही.

सारांश इतकाच. पैसा साठविण्याची सुरुवात पैशाने होत नाही. नवा माणूस खरे सांगतो आणि जुनी माणसे ते सांभाळतात, येथून ती होते. आपल्या कुटुंबांतील ज्या भगिनी व तरुण या वर्षी एखाद्या मंडळात प्रथमच पाऊल ठेवतील, त्यांनी हप्त्याची नोट काढण्यापूर्वी आपल्या चार गोष्टी मनाशी जुळवून ठेवाव्यात. आणि जे तेथे आधीपासून बसले आहेत, त्यांनी थोडे सरकून जागा करावी, व वही पुढे करावी.