तोरणमाळला उन्हाळ्यात विकायचं काय?

मे महिन्यात तोरणमाळला येणारा पाहुणा खालच्या उकाड्याला कंटाळून घाट चढून आलेला असतो. जागा 1,100 मीटरहून उंच, सकाळ-संध्याकाळ मस्त. पण दुपारचं ऊन तिथेही चटके देतंच.

म्हणून नुसत्या पाण्याच्या बाटल्या मांडून बसू नका. पाहुण्याला अख्खा दिवस आखून द्या, त्याचे पैसे घ्या. पहाटे खडकी पॉइंटची पायवाट, संध्याकाळी यशवंत तलावाकाठी फेरी, सोबत गावातलाच माहीतगार माणूस. आणि दुपारी? याच दिवसांत धडगाव तालुक्यात कैऱ्या सोलून आमचूरसाठी वाळत घालतात. एखाद्या घराच्या सावलीत पाहुण्यांना बसवा, दोन कैऱ्या त्यांनाही सोलू द्या. पाव किलो आमचूर न मागता खपतो! भाव मात्र आधीच सांगा. अन् त्या घराचा वाटा त्याच संध्याकाळी चुकता करा, नाहीतर पुढच्या गाडीला ओटा मिळायचा नाही.