माहीमचा किल्ला, बिंबराजा आणि बखरीचे प्रयोजन

माहीम म्हणताच बिंबराजाची राजधानी आठवते, आणि खाडीच्या मुखाशी असलेला किल्लाही त्याचाच असे सहज गृहीत धरले जाते. वस्तुतः आजचे अवशेष पोर्तुगीज-इंग्रज काळातील आहेत. आख्यायिकेचा मूळ आधार आहे तो वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त, आणि तेथे बखरकार तटबुरुजांत रमत नाही. तो रेंगाळतो राजासोबत आलेली कुळे, त्यांची गोत्रे आणि त्यांना वाटून दिलेली गावे यांच्या याद्यांवर. अभ्यासक या याद्या कंटाळून ओलांडतात. माझ्या मते बखरीचा प्राण तेथेच आहे. शके १३७० (इ. स. १४४८) मध्ये मालाडच्या नायकोरावाला देवीचा दृष्टान्त झाला व त्यानुसार केशवाचार्यांनी लोकांना वंशावळी आणि महाराष्ट्रधर्म सांगितला, असे बखर म्हणते. उत्तर कोकणात तेव्हा सुलतानी अंमल होता. वतन व कुळाचा मान सिद्ध करावयाचा तर पूर्वजांना गाव देणारा राजा हवा. बिंबकथा ही गरज भागविते. ती दंतकथेच्या रूपातील सनदच होय. लोकपरंपरेत प्रतापबिंब आणि यादववंशीय बिंब यांची सरमिसळ झाली, तीही यामुळेच असावी: सनद देणाऱ्याचे नाव पुरे होते, त्याचा वंश कोणी विचारीत नव्हते.