गिरणीच्या राखेतून सिलिका : गोंदियासाठी एक जोडधंदा

आम्लाची प्रक्रिया करून शोषक भुकटी व सिलिका बनविण्यासाठी झिओलाइट हे खनिज वापरता येते. हा दगड पुणे, नाशिक, जळगाव भागातील काळ्या खडकात मिळतो. गोंदियाचा माल मात्र निराळा आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि राइस मिलचा. येथे सिलिका मिळते ती धानाच्या तुसात, म्हणजे भुशात.

हिशेब सोपा आहे. १००० किलो धानातून सुमारे २०० किलो तूस निघते. ते जाळल्यावर सुमारे ४० किलो राख उरते. चांगल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. बऱ्याच ठिकाणी ही राख खड्ड्यात किंवा रस्त्याकडेला टाकली जाते.

कृती अशी : राख कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळावी. सिलिका विरघळून सोडियम सिलिकेट तयार होते व काळा कार्बन मागे राहतो. द्रावण गाळून घ्यावे. त्यात पातळ गंधकाम्ल हळूहळू, ढवळत सोडावे. पांढरा साका बसतो, हीच सिलिका. ती पाण्याने वारंवार धुऊन, वाळवून दळावी. रबर, बुटांचे तळ, टूथपेस्ट व कीटकनाशकांच्या भुकटीत तिला मागणी असते.

आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही घालू नये.

आता खरी मेख. राख स्वस्त असली तरी रसायने स्वस्त नाहीत. तीन भाग सिलिकेला एक भाग सोडियम ऑक्साइड असे द्रावण धरले, तर १०० किलो सिलिकेमागे सुमारे ४३ किलो कॉस्टिक आणि ५३ किलो गंधकाम्ल लागते. शिवाय ७६ किलो सोडियम सल्फेट धुण्याच्या पाण्यात जाते. हे खारे पाणी नाल्यात सोडले तर शेजाऱ्याची बांधी खराब होईल. म्हणून ते सुकवून मीठ वेगळे करण्याचा खर्च आधीच धरावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी.

दुसरी गोष्ट राखेची परीक्षा. तूस सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या वर जळले तर सिलिका स्फटिकरूप होऊ लागते. मग ती कॉस्टिकमध्ये सहज विरघळत नाही, आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. कामगारांना मुखपट्टी द्यावी.

ज्याला आम्लाचा पसारा झेपत नाही त्याने शोषक मालाकडे पाहावे. २००९ साली बाजारात आलेल्या टाटा स्वच्छ या जलशुद्धी यंत्रात तुसाचीच राख चांदीच्या सूक्ष्म कणांसह वापरली होती.

तेव्हा होतकरू तरुणांनी यंत्रे घेण्यापूर्वी तीन कामे करावीत : राखेची प्रयोगशाळेत तपासणी, पाच किलोचा नमुना आणि घेणाऱ्या कारखान्याचा होकार. ही तिन्ही जमली तरच कर्जाचा विचार करावा.