पेजरचे पैसे आणि एप्रिलचा कर

कॅनडातल्या छोट्या गावांत आग विझवायला पूर्णवेळ पगारी दल सहसा नसतं. शिक्षक, मेकॅनिक, शेतकरी, दुकानदार अशी गावातलीच माणसं पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावतात. ऑन्टारिओतल्या आमच्या गावात मीही त्यांच्यातली एक. नोकरी फार्मसीत, बाकी वेळ फायर हॉलचा. कागदोपत्री आम्ही व्हॉलंटियर, पण कॉलचे आणि ड्रिलचे तासांप्रमाणे पैसे मिळतात आणि त्यांवर आयकरही लागतो. भरतीच्या वेळी हे कुणी समजावून सांगत नाही. आता आपली मराठी मुलंमुलीही या दलांत येताहेत, म्हणून लिहिते आहे.

पहिल्याच वर्षी एप्रिलमध्ये मला सरकारला पैसे भरावे लागले. ठरावीक उत्पन्नापर्यंत कर नाही ही मूळ सवलत वर्षातून एकदाच मिळते. पण टीडी-१ फॉर्म दोन्ही नोकऱ्यांत सारखाच भरला गेला, तर पगार काढणारी दोन्ही ऑफिसं ती धरून चालतात आणि कर कमी कापला जातो. गावच्या ऑफिसात आमच्यापुढे तो फॉर्म भरूनच ठेवला होता, फक्त सही घ्यायची होती. सहीआधी दुसरं पान उलटा. एकाहून जास्त नोकऱ्या असणाऱ्यांसाठी तिथे चौकोन असतो. दुसऱ्या नोकरीच्या फॉर्मवर त्यात खूण करून बेरजेच्या जागी शून्य लिहायचं.

त्याहून मोठा निर्णय रिटर्न भरताना घ्यावा लागतो. व्हॉलंटियर म्हणून मिळालेल्या पैशांतले पहिले 1,000 डॉलर करमुक्त असतात. टी-४ या वार्षिक पगारपत्रकावर ते चौकट 87 मध्ये दिसतात, चौकट 14 च्या उत्पन्नात धरलेले नसतात. दुसरीकडे, वर्षात 200 तास भरले तर व्हॉलंटियर फायरफायटरची वेगळी सवलत मागता येते. तिची रक्कम पूर्वी 3,000 डॉलर होती, 2024 पासून 6,000 झाली. मात्र दोन्ही एकदम मिळत नाहीत. सवलत घेतली की चौकट 87 ची रक्कम उत्पन्नात मिळवावी लागते.

माझं गणित असं झालं: 2024 साली 6,000 चे 15 टक्के, म्हणजे 900 डॉलर केंद्राचा कर कमी झाला. ते हजार डॉलर उत्पन्नात आल्यामुळे माझ्या गटात सुमारे 300 डॉलर कर वाढला. तरी 600 वाचले. (2025 ला तो दर 14.5 टक्के झाला, त्यामुळे 900 ऐवजी 870.) पण ज्यांना मुळात करच लागत नाही, अशा विद्यार्थ्यांना ही सवलत घेऊन काही मिळत नाही. ती फक्त करातून वजा होते, रोख हातात येत नाही. त्यांनी 1,000 ची सूटच ठेवावी.

200 तासांचा आकडा ऐकून नवी माणसं घाबरतात. त्यात फक्त आगीचे कॉल नाहीत. पेजर घेऊन ऑन-कॉल राहिलेला वेळ, दलाचा सक्तीचा सराव, दलाच्या बैठका, सगळं धरलं जातं. ट्रकची देखभाल वगैरे दुय्यम कामंही चालतात, पण त्यांचे तास मुख्य कामाच्या तासांहून कमी हवेत.

आमच्या हॉलच्या वहीत मात्र प्रत्येक ओळीला तारीख, ट्रकचा नंबर, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ एवढंच होतं. संध्याकाळच्या ड्रिलचा, ऑन-कॉल रात्रींचा कुठे उल्लेख नाही. कर खात्याने पुरावा मागितला तेव्हा चीफना माझे तास लिहून द्यायला जुने ईमेल आणि सरावाच्या हजेऱ्या धुंडाळाव्या लागल्या. पत्र मिळालं, सवलत टिकली, पण तोवर जिवाला घोर लागला. मध्यरात्री दुसऱ्याचं घर वाचवायला उठणाऱ्या माणसाला स्वतःच्या तासांसाठी असं धावावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आपल्या तासांची नोंद आपणही ठेवा आणि चीफच्या सहीचं पत्र डिसेंबर संपतानाच मागून घ्या. रिटर्नची मुदत 30 एप्रिलला संपते.