प्राचीन जर्मानिक क्रियापदाची पुनर्रचना : ‘वेर्थन’ आणि ‘वृत्’

जर्मानिक भाषांतील सर्वांत जुना विस्तृत ग्रंथ गॉथिकमध्ये आहे. चौथ्या शतकातील वुल्फिलाच्या बायबल-भाषांतराचा तो अवशेष होय. साहजिकच मूळ जर्मानिक क्रियापदाची पुनर्रचना करताना गॉथिक रूप प्रमाण मानण्याकडे अभ्यासकाचा कल असतो. ‘होणे’ या क्रियापदाच्या बाबतीत तरी हा कल दिशाभूल करणारा आहे.

गॉथिकमध्ये ‘वेर्थन’ (होणे), ‘वर्थ’ (झाला), ‘वोर्थुम’ (आम्ही झालो), ‘वोर्थन्स’ (झालेला) अशी रूपे आढळतात. (येथील ‘थ’ महाप्राण नसून अघोष दंत्य घर्षक आहे.) कित्येक शतकांनंतरच्या प्राचीन इंग्रजीत मात्र ‘वेआर्थ’ या एकवचनासमोर ‘वुर्दोन’ हे अनेकवचन आणि ‘वोर्देन’ हे कृदन्त दिसते. हा थ-द पालट इंग्रजीने नव्याने घडविला, की गॉथिकने जुना पालट पुसून टाकला?

१८२२ साली ग्रिमने मांडलेल्या नियमानुसार मूळ ‘त’चा जर्मानिकमध्ये ‘थ’ व्हावयास हवा. ‘द’ तेथे अपवादच ठरत होता. या अपवादाचा उलगडा डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर यांनी १८७५ साली लिहिलेल्या निबंधात केला, आणि त्यात निर्णायक साक्ष संस्कृताची होती. ‘वृत्’ धातूच्या परोक्षभूतात एकवचनी ‘ववर्त’मध्ये स्वर (आघात) धातूवर असतो, अनेकवचनी ‘ववृतिम’ आणि कृदन्त ‘वृत्त’ यांत तो अंत्य अक्षरावर सरकतो. जेथे आघात ‘त’च्या लगेच आधीच्या अक्षरावर होता तेथे ‘थ’ अघोष राहिला. एरवी तो घोष होऊन पुढे ‘द’ झाला. पुढे जर्मानिकमध्ये आघात आद्याक्षरावर स्थिरावला आणि पालटाचे कारण नाहीसे झाले. पालट तेवढा उरला. वैदिक पठणपरंपरेने जपलेले उदात्त-अनुदात्त असे एका परक्या व्यंजनाचे कोडे सोडवतात.

गॉथिकमध्ये हा नियम लागूच झाला नव्हता, असेही म्हणता येत नाही. ‘बाळगणे, मालकीचे असणे’ या अर्थी ‘ऐह’ हे एकवचन आणि ‘ऐगुम’ हे अनेकवचन तेथे टिकून आहे. ह-ग हा पालट त्याच जातीचा. म्हणजे ‘वोर्थुम’मधील ‘थ’ एकवचनाच्या सादृश्याने आलेला आहे. म्हणून पुनर्रचित, तारांकित रूपे *वर्थ, *वुर्दुम अशीच द्यावी लागतात. जुनी पोथी आणि जुने रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्थाचा प्रश्न अधिक बिकट आहे. लॅटिन ‘वेर्तेरे’ म्हणजे ‘वळविणे’. संस्कृत ‘वर्तते’मध्ये ‘वळणे’ आणि ‘असणे’ दोन्ही आहेत, तर जर्मानिकमध्ये ‘होणे’. ‘वळून काहीतरी होणे’ हा दुवा संभाव्य खरा. पण ध्वनिनियमासारखी खात्री त्याला देता येत नाही.