वादाला उत्तर वहीचे

मंडळी, पारावर हल्ली एक वाद नेहमी निघतो. एक जण म्हणतो, "हवामान बदललं." दुसरा म्हणतो, "छट्! सगळं थोतांड आहे." मग आवाज चढतो. समजावणाऱ्याचा घसा बसतो, पण समोरचा जागचा हलत नाही. अशा वेळी चीड येते. ती येणारच. पण चिडून काम होत नाही. हा वाद कसा घालावा, ते आज पाहू.

समोरचा म्हणतो, "यंदा थंडी केवढी पडली! मग उष्णता वाढली कुठं?"

त्याला म्हणावे, "दादा, म्हैस एक दिवस दूध कमी देते. तेवढ्यावरून तुम्ही ती विकता का? सबंध वेताचा हिशेब बघता ना? हवामानाचंही तसंच." हवामानाचा हिशेब एका दिवसाचा नसतो, तीस-तीस वर्षांचा असतो. आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. इतक्या वर्षांच्या नोंदींवरून दिसते, की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले.

मग तो बाजू बदलतो. "दुष्काळ काय पूर्वी नव्हते? १९७२ चा विसरलात?"

होते, हे कबूल करावे. खरे ते मानल्याने आपण हरत नाही. मग विचारावे, "वणवा पूर्वी विजेनंही लागायचा. म्हणून आज कुणी काडी लावतच नाही, असं होतं का?"

आजची काडी कोणती, तेही ठाऊक आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जळले की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. घोंगडी जशी अंगाची ऊब धरून ठेवते, तसा हा वायू पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. स्वीडन देशातील अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने याचे गणित १८९६ सालीच मांडले होते. ही कालची टूम नव्हे.

तरी तो म्हणतो, "धूर शहरवाल्यांचा. आपण काय करणार?"

बैल एका बांधावरून हाकलला, की दुसऱ्या बांधावरून पिकात शिरतो. तसेच हे. शांतपणे म्हणावे, "दोष कुणाचा, हा प्रश्न वेगळा. घडतंय की नाही, हा वेगळा. आधी एकाचं उत्तर द्या."

एवढ्यानेही काही जण मानत नाहीत. त्यांच्याशी रोज भांडू नये. पण भोवती चार जण ऐकत असतात. ग्रामसभेत हात तेच वर करतात. पाण्याचा ताळेबंद मांडायचा का, विहिरींचे पाणी पुरवून वापरायचे का, हे त्या हातांवर ठरते. आपण त्यांच्यासाठी बोलावे.

आणि आता तुम्हांला लिहिता येते. गावात पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजा आणि वहीत लिहा. एका वर्षात वाद मिटणार नाही. पण तुमच्या नातवंडांच्या हाती वही असेल. आठवण ज्याची त्याची वेगळी असते. वही सर्वांना एकच सांगते.

प्रश्न
१. एका दिवसाच्या थंडीवरून हवामान का ठरवू नये?
२. कार्बन डायऑक्साइड वायूला घोंगडीची उपमा का दिली आहे?
३. समोरचा मानत नसला, तरी कोणासाठी बोलावे?