स्फटिकांत नोंदलेला हिमालयाचा इतिहास

गढवाल हिमालयात गंगोत्रीजवळ उभे असलेले शिवलिंग शिखर फिकट रंगाच्या ग्रॅनाइटचे आहे. हा खडक सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वी घडला. त्याच्या जडणघडणीची नोंद त्यातील खनिजांनीच जपून ठेवली आहे.

भारतीय व आशियाई भूखंडांची टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी झाली. भूकवच जाड झाले. खोलवर गाडले गेलेले प्राचीन गाळाचे खडक तापून अंशतः वितळले. त्या शिलारसापासून हा ग्रॅनाइट तयार झाला.

याचा पुरावा झिर्कॉनच्या सूक्ष्म कणांत मिळतो. झिर्कॉनमधील युरेनियमचे ठराविक गतीने शिशात रूपांतर होते. त्यावरून वय काढता येते. या कणांचे गाभे कोट्यवधी वर्षे जुने, तर बाहेरची कडा ग्रॅनाइटच्या वयाची असते. गाभे मूळ गाळातून आलेले असतात. सुमारे ७०० ते ७५० अंश सेल्सिअस तापमानाच्या शिलारसात ते पूर्णपणे विरघळले नाहीत.

पुढील बदल काळ्या तोरमल्लीच्या वलयांत दिसतात. आधी बनणारी खनिजे मॅग्नेशियम अधिक घेतात. त्यामुळे सामान्यतः तोरमल्लीच्या गाभ्यात मॅग्नेशियम, तर कडेकडे लोह अधिक आढळते. वृक्षाच्या वलयांप्रमाणे हा क्रम वाचता येतो.

शिलारस निवत जाताना लिथियम, बेरिलियम यांसारखी मूलद्रव्ये उरलेल्या द्रवात साठत जातात. म्हणूनच स्फटिकांतील ही नोंद दुर्मिळ खनिजांच्या शोधातही मार्गदर्शक ठरते.